आरशातलं कोपर

अकरा दिवसांचे पैसे होते तिच्याकडे,
त्यातले दोन दिवस जेवणातच जिरले.
केप्याच्या बाजारात भाडं ठरलं, पेट्रोल तिचं
आणि ओम्नी माझी,
जिचं मागचं दार आतून लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.
उर्वी म्हणाली, हेच दार हवंय मला.
तेव्हाच ओळखायला हवं होतं
ही बाई कुठल्या कुळीचा सिनेमा करणार ते.

गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल:
एक माणूस मेलेल्या मावशीचं शिवणयंत्र
तेरेखोलला तिच्या मैत्रिणीकडे पोचवायला निघतो.
बस.
पाठलाग नाही, खून नाही,
आणि गोव्यात असून शेवटपर्यंत समुद्र नाही.
कुडचड्याची लाल धूळ, सावर्ड्याचे खनिजाचे ट्रक,
भट्टीवरून येणारा काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
जो पडद्यावर येत नाही
तरी रोमाल्दने नाक जरा वर केलं की
येतो.

रोमाल्द एरवी मडगावला बँकेत नोटा मोजतो.
कॅमेरा सायकलच्या ट्यूबने दाराला बांधलेला.
सुलक्षा माइक आईच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून
माझ्या सीटमागे अंग चोरून बसलेली,
खोकायचं नाही, गियर हळू टाकायचा,
आणि गियर हळू टाकायला मी काय विमान चालवतोय?

तिस्क ते साखळी
चार मिनिटं कुणीच काही बोलत नाही.
मोठ्या सिनेमात तेवढ्यात
दोन गाणी होतात, एक लग्न मोडतं.
इथे एक कुत्रा रस्ता ओलांडतो,
मध्येच थांबतो, काहीतरी आठवून परत जातो.
तो सांगून आणलेला नव्हता.
परत घ्यायला उजेड नव्हता, तर तोही राहिला,
आणि मला आजही वाटतं
सगळ्यांत बरं काम त्यानेच केलंय.

अस्नोड्याला पंक्चर झालं, खरंखुरं.
उर्वीने जॅक हातात घ्यायच्या आधी कॅमेरा घेतला.
पंक्चरवाल्या पोराने ट्यूब पाण्यात बुडवली,
ठिगळं मोजली, सात,
आणि म्हणाला, ही ट्यूब न्हय, गोधडी.
रोमाल्द हसला.
आख्ख्या सिनेमात तो एकदाच हसतो
आणि ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

केरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा
खिशात फेरीपुरते सुट्टे.
मैत्रीण व्हायची होती ती बाई
भाचीच्या लग्नाला शिरोड्याला निघून गेलेली.
बॅटरीचा काटा लाल.
मग यंत्र उतरवलं, रोमाल्द ते खांद्यावर घेऊन फेरीत चढला,
फळी वर गेली,
आणि कॅमेरा अलीकडेच उभा राहिला, बॅटरी संपेपर्यंत.

फोंड्याला दाखवला तेव्हा
चष्मेवाले एक गृहस्थ उठून म्हणाले,
शेवटी दिग्दर्शिका प्रेक्षकाला अलीकडच्या तीरावर ठेवते,
केवढी समज!
उर्वीने माझ्याकडे पाहिलं,
मी चपलेकडे.
पण खोटं बोललेत असंही नाही ते.
मलाही अलीकडेच ठेवलं होतं की.

आणि हो, मी आहे त्यात.
बाजूच्या आरशात, सायलेन्सरने भाजलेला डाग असलेलं
माझं कोपर, तीन वेळा.
मी म्हटलं, पुसून टाका, लोक हसतील.
ती म्हणाली, पुसायलाही पैसे लागतात.
थोड्या वेळाने म्हणाली,
गाडी आहे म्हणजे चालवणारा असणारच ना, पुंडलीक.

शिवणयंत्र रोमाल्द त्याच फेरीने परत घेऊन आला.
ज्याचं होतं त्याने अजून मागितलं नाही.
गाडीतच आहे, कारण दार आता
लाथेनेही उघडत नाही.
परवा दाबोळीचं भाडं होतं, गिऱ्हाईक घाईत,
विचारत होतं, मागे काय वाजतंय?
म्हटलं, चाक.
कुठलं ते सांगितलं नाही.